चारशे घोडे आणि एक ब्रेकर

साहेब, चूक तुमची आहे आणि ते तुम्हाला माहीत आहे. सहादेव ढगे यांनी तुमच्या बांधकाम खात्याकडं कुसळवाडीच्या फाट्यावर गतिरोधक मागितला होता. शाळेची पोरं तिथं रस्ता ओलांडतात आणि गाड्या उतारानं सुसाट येतात, एवढंच त्यांनी अर्जात लिहिलं होतं. तुम्ही उलट कळवलं की सदर ठिकाणी अपघाताची नोंद नाही, सबब गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही. मग त्याच उतारानं आलेल्या एका गाडीनं सहादेवाला दुधाच्या किटल्या आणि सायकलीसकट उडवलं. गाडी थांबली नाही. तेराव्याच्या आत तुमची माणसं आली, कुठल्यातरी कामावरचं उरलेलं डांबर आणि खडी रस्त्यावर आडवी ओतली आणि रोलर न फिरवता निघून गेली. पांढरा पट्टा नाही, पाटी नाही. माणूस मेल्याशिवाय तुम्हाला ब्रेकर घालता येत नाही, आणि मेल्यावर घातला तो असा, की त्यावरून ट्रॅक्टरवालासुद्धा जीव मुठीत धरून जातो.

आता त्या सहादेवाच्या मुलाची आणि त्याच्या मोटारीची गोष्ट ऐका. मधे मधे हसू येईल. हसा.

गोरक्ष ढगे नगरला राहायचा. सावेडीत फ्लॅट आणि एमआयडीसीच्या रस्त्याला बोअरच्या मोटारी भरायचं दुकान. जळालेली मोटार उघडायची, काळं पडलेलं तांबं उपसून काढायचं, नवी तार भरायची. इतक्या वर्षांत एकही मोटार त्याला नाही म्हणाली नव्हती. त्यामुळं जी वस्तू फिरते ती आपल्याला कळते, असा त्याचा समज झाला होता. हा समज घेऊन तो तांब्याची तार आणायला पुण्याला गेला आणि चारचाकी घेऊन आला.

गाडी जर्मन होती. अकरा वर्षांची, निळी, बुटकी, चारशे घोड्यांची. नवी होती तेव्हा तिच्या पैशात सावेडीत दोन फ्लॅट आले असते. आता ती नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळत होती. एवढी स्वस्त का, हे विचारायचं गोरक्षच्या तोंडावर आलं होतं, पण तेवढ्यात विकणाऱ्यानं बटण दाबून इंजिन चालू केलं आणि तो आवाज ऐकून प्रश्न तिथंच राहिला.

"आधीचे मालक फक्त देवळात जायला काढायचे," विकणारा म्हणाला.

टायर बघता ते देऊळ बरंच लांब असावं.

गोरक्षची बायको निकिता पार्किंगमध्ये आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि खिडकीतून आत डोकावली.

"मागं माणसं बसतात का?"

"बसतात की."

"पाय घरी ठेवून?"

ढग्यांच्या घरात एक रीत होती. सायकल असो, मोटारसायकल असो की दुकानाचा टेम्पो, वाहन आधी गावाला दारात न्यायचं. गोरक्षची आई आक्काबाई चाकांवर पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, हळदकुंकू लावायची. तोवर ते वाहन आपलं नाही. कुणाचं तरी आणून उभं केलंय, एवढंच. टेम्पो घेतला तेव्हा पहिलं भाडं आलं होतं, तरी गोरक्षनं ते सोडून टेम्पो आधी खर्ड्याच्या अलीकडं, कुसळवाडीला नेला होता. वडील गेल्यानंतर मात्र घरात नवं वाहन आलंच नव्हतं. हे पहिलंच.

त्यानं आईला फोन लावला.

"आये, गाडी घेतली."

"कंची?"

"चारचाकी. जर्मन हाय."

आक्काबाईनं विचारलं, "लई पळती का?"

गोरक्षला आईशी खोटं बोलता येत नसे. "पळती."

"मग फाट्यावरनं आण. त्या ब्रेकरवरनं जी गाडी हळू येईल, ती दारात घेईन. मागच्या पांदीनं आणशील तर तशीच माघारी ने."

आक्काबाई स्वतः त्या फाट्याला जात नव्हती. सहादेव गेल्यापासून तिनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं. एस.टी. धरायची तर बांधाबांधानं चालत पुढच्या थांब्याला जायची. तिनं हे कुणाला समजावून सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

म्हणजे काम सोपं होतं. नगरहून निघायचं, जामखेड मागं टाकायचं, फाट्यावरचा ब्रेकर ओलांडायचा, दारात उभं राहायचं. नगरहून लग्नाची वऱ्हाडं ट्रकमध्ये बसून एवढं अंतर जात आली आहेत. चारशे घोड्यांना ते जमायला हरकत नव्हती.

पहिल्या रविवारी गाडी चिचोंडी पाटलाच्या पुढं गेली आणि तापली. समोर लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ आली. गोरक्ष उतरला. शेजारच्या शेतात बोअर चालू होता, तिथून त्यानं कॅन भरून आणला आणि गाडीला पाणी पाजलं. नगर जिल्ह्यात गाडी तापली की माणूस हेच करतो. गाडीनं ते पाणी खालून लगेच सोडून दिलं.

सावेडीत दानीएल साळवेचं गॅरेज होतं. महागड्या गाड्या तो एकटाच हाताळायचा, कारण स्कॅनर त्याच्याकडंच होता. पण दानीएल चर्चच्या गायनमंडळात होता आणि रविवारी सकाळी त्याचा फोन बंद असायचा. गोरक्ष गावाला जायचा तो रविवारीच, म्हणून गाडी बंद पडायची तीही रविवारीच. पुढं पुढं दानीएलच्या उपासनेची वेळ गोरक्षला चर्चच्या पास्टरइतकी पाठ झाली.

"बोअरचं पाणी घातलं?" दानीएलनं विचारलं.

"मग काय घालणार, दूध?"

"गोरखभाऊ, आपल्या पाण्यानं तांब्याभांड्यांवर काय थर बसतो बघितलाय ना? तो आता हिच्या पोटात बसणार."

बिघाड म्हणजे इंजिनाच्या मागं पाण्याच्या पाइपाला बसवलेला, बांगडीएवढा प्लास्टिकचा तुकडा होता. उष्णतेनं कुरकुरीत होऊन तुटला होता. तुकडा स्वस्त होता. पण त्याच्यापर्यंत हात पोचायला वरचं अर्धं इंजिन उतरवावं लागत होतं, आणि उतरवलेलं परत चढवताना जुनी पॅकिंगं चालत नव्हती, आणि काढलेले बोल्ट परत वापरायचे नाहीत असं कंपनीचं म्हणणं होतं. बांगडी एक आणि कासाराचं बिल अख्ख्या लग्नघराचं, असं ते झालं.

दुसऱ्या खेपेला गाडी कडा गावापर्यंत पोचली. तिथं एक पिवळा दिवा लागला आणि चारशे घोडे कुठं गेले कुणास ठाऊक. गाडी चालत होती, पण बैलाच्या चालीनं. पाय कितीही दाबला तरी वेग वाढेना. गोरक्ष माघारी वळला. मागून दुधाचा टेम्पो हॉर्न देत आला, बरोबरीला आला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून वाकून विचारलं, "काय तात्या, नवीन शिकताय का?"

दानीएलनं स्कॅनर लावला. काहीतरी बिनसलं की असली गाडी स्वतःला वाचवायला आपली ताकद काढून घेते, असं त्यानं समजावून सांगितलं. काय बिनसलं, ते मात्र त्याला नक्की सांगता येईना. आधी कॉइल बदलल्या. मग एक सेन्सर. मग दुसरा सेन्सर. शेवटी टर्बोच्या हवेचा रबरी पाइप एका जागी फाटलेला सापडला, आणि तो नुसता बघितला असता तरी दिसला असता.

"मग कॉइलचे पैसे कशाला?" गोरक्ष म्हणाला.

"शंका दूर झाली ना."

मधल्या काळात बॅटरी गेली. गोरक्षनं नवी आणून बसवली, तरी गाडी कुरकुर करत राहिली. दानीएल म्हणाला, बॅटरी बदलली हे गाडीला कॉम्प्युटरवरून कळवावं लागतं. गोरक्षला ते फार लागलं. "मी बसवली, मी सांगतो ना तिला," तो म्हणाला. पण गाडी ऐकेना, आणि कळवायचेही पैसे लागले. पेट्रोल भारीतलंच लागायचं आणि शहरातल्या शहरात ते असं संपायचं, की काटा खाली येताना डोळ्यांनी दिसायचा. खड्ड्यात टायर फुटला तर त्या मापाचा टायर नगरमध्ये मिळेना, आणि मिळाला तेव्हा दुकानदार म्हणाला दोन्ही बाजूंचे जोडीनं बदला. विम्याचा हप्ता भरून झाल्यावर पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं आढळलं, की प्लास्टिक, रबर आणि झीज धरलेली नाही. गाडीत त्याशिवाय दुसरं काय बिघडतं, हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

"त्यापेक्षा म्हैस घेतली असती," निकिता म्हणाली. "आजारी पडली तरी शेण तरी देते."

आक्काबाईचा दर रविवारी फोन यायचा. "निघाला का?" एवढंच विचारायची. ती सकाळीच अंघोळ करून, भाकरी करून, तांब्या भरून ठेवायची. दुपारी गोरक्षचा फोन गेला की तो तुकडा कोंबड्यांना घालायची. ती रागवत नव्हती. रागवली असती तर बरं झालं असतं. गोरक्षला आता पैशाचं काही वाटेनासं झालं होतं. तिनं एकदा चाकावर पाणी घालावं, बापानंतर घरात आलेल्या या पहिल्या वाहनाला आपलं म्हणावं, एवढंच त्याला पाहिजे होतं. मग गाडी भंगारात गेली तरी चालेल, असं तो निकिताला बोललासुद्धा. हे बोलायला नको होतं.

कारण मग गाडी बसायला लागली. तिच्या खाली स्प्रिंग नव्हते, हवेचे फुगे होते. एक पंप त्यात हवा भरायचा. फुगे रात्रभर गळायचे आणि सकाळी गाडी जमिनीला पोट टेकून बसलेली असायची. सोसायटीतले लोक फिरायला निघाले की वॉचमनला विचारायचे, "आज उठली का?"

दानीएल म्हणाला, फुगे आणि पंप, सगळं नवीन घाला. फुग्यांचा भाव ऐकून गोरक्षनं फुगे पुढं ढकलले. पंप मात्र त्यानं हातात घेऊन बघितला. पंपाला छोटी मोटार होती. मोटारीत तांबं होतं. तांबं जळालेलं होतं. गोरक्षला या गाडीत पहिल्यांदाच एक ओळखीचा चेहरा भेटला. त्यानं ती मोटार दुकानात नेली, उघडली, नवी तार भरली, वार्निश केलं, वाळवली. बसवून बटण दाबलं तर गाडी पटकन उठून उभी राहिली.

दानीएलनं खाली वाकून बघितलं. "चालेल," तो म्हणाला. "पण फुगे गळतायत तोवर हा पंप थांबणार नाही. अखंड चालेल."

"माझ्या भरलेल्या मोटारी विहिरीवर अखंडच चालतात."

"विहिरीवरची मोटार पाण्यात असते, गोरखभाऊ."

गोरक्षनं ऐकलं नाही. पुढच्या रविवारी तो आणि निकिता निघाले. चिचोंडी गेलं, कडा गेलं, आष्टी गेली. जामखेडला चहा प्यायला, पण इंजिन बंद केलं नाही. गाडी अशी चालली होती की निकितासुद्धा म्हणाली, "आज बरी आहे हो." मागून पंपाची घरघर येत होती. ती जामखेडच्या पुढंही आली.

फाट्यावर कुसळवाडीची दहावीस माणसं आधीच उभी होती. गोरक्षचा चुलतभाऊ कल्याण ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, सहज आलो होतो. गोरक्षनं निकिताला उतरवलं, गाडी बटणानं होईल तेवढी उंच केली आणि ब्रेकरवर तिरकी घातली. एक चाक चढलं. दुसरं चढलं. पुढची चाकं पलीकडं उतरली. लोक वाकून खाली बघत होते आणि हातानं सांगत होते, येऊ दे, येऊ दे.

तेवढ्यात गोरक्षला वास आला. जळक्या वार्निशचा, तापलेल्या तांब्याचा. हा वास तो झोपेतही ओळखेल. त्यानंच भरलेली मोटार होती. पंपाची घरघर थांबली आणि म्हैस बसते तशी गाडी पुढून हळूहळू खाली बसली, बरोबर ब्रेकरवर.

थांबायला पाहिजे होतं. गोरक्षनं पाय दाबला. इतके दिवस न ऐकणाऱ्या चारशे घोड्यांनी या वेळी ऐकलं. गाडी ब्रेकरवरून खरडत पुढं गेली. रोलर न फिरवलेल्या डांबरातून एक खडा वर आलेला होता. त्यानं इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं डब्यासारखं उघडलं. पाच पावलांवर लाल दिवा लागला. गोरक्षनं इंजिन बंद केलं. मागं रस्त्यावर ऑइलचा काळा पट्टा उमटला होता. साहेब, त्या ब्रेकरवर मारलेला हा पहिला पट्टा.

"ओलांडला की," कल्याण म्हणाला. "आता ट्रॅक्टर लावू. दारात नेऊ."

गोरक्षनं दानीएलला फोन लावला. उपासना चालू होती, पण आज दानीएलनं फोन उचलला. मागून गाणं ऐकू येत होतं.

"ओढू नका," दानीएल कुजबुजला. "इंजिन बंद असताना चाकं फिरली तर गिअरबॉक्सला ऑइल जात नाही. सगळं खाऊन टाकेल. उचलून नेणारी गाडी पाठवतो उद्या. चाक फिरू देऊ नका. ठेवतो, प्रार्थना आहे."

गोरक्षनं ते कल्याणला सांगितलं.

"चाक फिरू देऊ नका?" कल्याण म्हणाला. "मग चाकं बसवली कशाला? भाऊ, मी उसाचा भरलेला ट्रक ओढलाय. ही तर पोरगी हाय."

"आयेला इकडंच बोलवू का?" कुणीतरी म्हणालं आणि जीभ चावली. आक्काबाई फाट्याला येणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. तिचं घर तिथून दिसत होतं. ती दारात उभी होती, हातात तांब्या होता. उन्हाचं ती दुसऱ्या हातानं कपाळावर आडोसा धरून इकडं बघत होती.

उद्या उचलून नेणारी गाडी आली असती तर ती नगरला घेऊन गेली असती. दारात नाही. आणि परत एक रविवार, परत भाकरी, परत कोंबड्या.

"अहो," निकिता म्हणाली, "उद्यापर्यंत थांबू."

गोरक्षनं आईकडं बघितलं. मग कल्याणला म्हणाला, "साखळी लाव."

ट्रॅक्टर पुढं, गाडी मागं, तिच्या दोन्ही बाजूंनी माणसं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग खालून दात खाल्ल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि शाळा ओलांडताना तो आवाज बंद झाला. कल्याण मागं वळून म्हणाला, "बघ, बसला आवाज." गोरक्षला कळलं होतं की आवाज करायला आत आता काही राहिलं नाही. तो स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत राहिला.

आक्काबाईनं चारही चाकांवर पाणी घातलं. भाकरतुकडा ओवाळला. बॉनेटवर कुंकू लावलं. गाडीला एक फेरी घातली, काचेवर हात फिरवला.

"लई हळू आली," ती म्हणाली.

"व्हय."

"बरं झालं. आता आपली."

दुसऱ्या दिवशी दानीएल मोटारसायकलवर गावात आला. गाडीखाली पडून बराच वेळ राहिला. बाहेर येऊन हात पुसत त्यानं सांगितलं, की ऑइलचं भांडं होईल, फुगे होतील, पंप होईल. गिअरबॉक्स मात्र दिल्लीच्या भंगारातून जुना आणला तरी जेवढ्याला गाडी घेतली त्याच्या निम्म्याला जाईल, आणि तोही किती टिकेल हे तो आणणारा सांगणार नाही.

"विकून टाका," तो म्हणाला. "भंगारवाला नेईल."

"काल आपली झाली," गोरक्ष म्हणाला.

मग गोरक्षला इतके दिवस न आलेला राग आला. जेसीबीवाल्याला फोन लावून तो म्हणाला, फाट्यावरचा ब्रेकर उपटायचाय, आजच ये. आक्काबाईनं त्याच्या हातातून फोन घेतला.

"त्याला हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. "नीट करून घ्यायचा. त्यांच्याकडनं."

म्हणून, साहेब, ती दोघं तुमच्या ऑफिसात आली. गोरक्ष एस.टी.त बसला फाट्यावर. आक्काबाई बांधानं चालत जाऊन पुढच्या थांब्यावर चढली. तुम्ही त्यांना बसा म्हणालात, हे कबूल आहे.

"त्या ठिकाणी आमच्या नोंदीत गतिरोधक नाही," तुम्ही म्हणालात.

"माझी गाडी त्याच्यावर फुटली," गोरक्ष म्हणाला.

"असेल. पण तो आमचा नाही. पंचायतीनं घातला असेल."

"मग मी काढून टाकू?"

"शासकीय रस्त्याला हात लावला तर गुन्हा दाखल होईल."

"म्हणजे शासकीय आहे."

"रस्ता शासकीय आहे."

"आणि त्याच्यावरचा ब्रेकर?"

"त्याची नोंद नाही. घालायचा तर अर्ज द्या, आम्ही पाहणी करू."

तेव्हा आक्काबाई खुर्चीत पुढं सरकली. तिचा आवाज चढला नाही.

"अर्ज दिला हुता," ती म्हणाली. "माझ्या मालकानं. जिता हुता तवा. तुमी लिवलं, तिथं कुनी मेल्याची नोंद न्हाई. मग त्योच मेला. मग रातीतनं तुमची मानसं येऊन डांबर वतून गेली, ती मी माझ्या डोळ्यानं दारातनं बघितली. आता म्हनता, त्या डांबराची बी नोंद न्हाई. ऱ्हाऊ द्या. गाडीचं बी ऱ्हाऊ द्या, ती आमची आमी बघू. मला एकच सांगा. माझा मालक तिथं मेला, ह्याची तरी तुमच्याकडं नोंद हाय का? हाय म्हना न्हाईतर न्हाई म्हना. मी बसलीये."